ओळखीचं मांस

मैत्रिणीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हाच मला बरं वाटलं होतं. मांडीचा तुकडा होता, गडद रंगाचा, हाडापाशी किंचित चिवट. "कोंबडी नाही ही," ती चावता चावता म्हणाली, "आणि बदकही नाही. काय आहे गं?" टर्की, मी म्हटलं. कुठून मिळवलीस, तिने विचारलं, आणि मी काही न बोलता खिडकीकडे बोट केलं. खिडकीतून जाळी दिसते. जाळीच्या आत एक नर पिसारा फुलवून, पंखांची टोकं जमिनीला घासत, कुणी बघत नसतानाही गोल गोल फिरत होता. तिचा हात थांबला. ती रागावली नाही, तोंडही वाकडं केलं नाही. तुकडा तेवढा ताटाच्या कडेला सारला आणि अगदी सहज म्हणाली, "ओळखीच्याचं नाही गं खात मी." मग बाकीचं नीट जेवली, हात धुतले, आणि आम्ही दुसऱ्याच कुठल्यातरी विषयावर बराच वेळ बोलत बसलो.

वाक्य मात्र घरातच राहिलं. भांडी घासताना पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की ओळख तिची नव्हतीच. ज्याचा तुकडा तिने बाजूला ठेवला त्याला तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ओळख माझी होती, आणि मी तर खात होते. दुसरं मनात आलं ते जरा बोचरं होतं: म्हणजे अनोळखी असेल तर चालतं. ज्याच्याकडे आयुष्यभरात कुणी वाकून पाहिलं नाही, त्याचं मांस तिला निर्धास्तपणे खाता येतं. हे तिला ऐकवावं असं काही वाटलं नाही. जेवणाऱ्या माणसाला असं ऐकवू नये. आणि खरं सांगायचं तर तिच्या बोलण्यात एक खोच होती, ती मला कशानेही बोथट करता येईना.

कारण ओळख होते, हे खरंच आहे. आणि टर्कीच्या बाबतीत ती टाळायची म्हटली तरी टाळता येत नाही.

पिल्लं ज्यांच्याकडून घेतली त्या मावशी कमी बोलणाऱ्या. पैशांचं बोलायच्या आधी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कोंबड्या आहेत का तुझ्याकडे?" नाहीत म्हटल्यावर, "पूर्वी होत्या का? त्या जागेवर?" त्यांचा तो चौकशीचा सूर तेव्हा मला जरा जास्तच वाटला. कारण मागाहून कळलं. हिस्टोमोनास नावाचा एक एकपेशीय जीव असतो. तो कोंबडीच्या आतड्यातल्या जंताच्या अंड्यात दडून बसतो, अंडं विष्ठेतून मातीत जातं, आणि तिथे वर्षानुवर्षं तग धरतं. गांडूळ ते गिळतं, टर्की गांडूळ गिळते. कोंबडीला याचा सहसा फारसा त्रास होत नाही; ती मजेत हिंडत राहते आणि रोग वाटत राहते. टर्कीचं मात्र यकृत पोखरलं जातं. पंख पाडून, मान आत ओढून ती कोपऱ्यात उभी राहते, विष्ठा गंधकासारखी पिवळी होते, आणि मग बहुधा उशीर झालेला असतो. लस नाही. अमेरिकेत एक आर्सेनिकयुक्त औषध होतं, नायटारसोन, तेही २०१५ च्या अखेरीस बाजारातून काढून घेतलं गेलं. हातात उरते ती जागा. म्हणून मावशींना जागेचा इतिहास हवा होता. "पक्षी कसा आहे ते मी देते," त्या म्हणाल्या, "माती कशी आहे ते तू बघ." त्यांच्याकडे जाताना घालायच्या चपला आजही मी दाराबाहेर वेगळ्या ठेवते.

पिल्लं खोक्यातून घरी आली तेव्हा ती सगळी एकाच सुरात ओरडत होती. टर्कीच्या पिल्लाचा हा आवाज, एकटं पडल्याचा, बारीक आणि चढत जाणारा असतो. दोन खोल्या पलीकडेही झोपू देत नाही. ब्रूडर, म्हणजे पिल्लांना दिव्याने ऊब द्यायची जागा, आधीच तापवून ठेवला होता. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. खाली वर्तमानपत्र चालत नाही. गुळगुळीत कागदावर त्यांचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि तसेच राहतात. लाकडाच्या जाड ढलप्या पसरायच्या. दिवा फार खाली आला तर पिल्लं कडेकडेला पळतात, फार वर गेला तर मधोमध एकमेकांवर चढून ढीग करतात आणि खालची गुदमरतात. थर्मामीटरपेक्षा ही मांडणीच नेमकं सांगते.

पण खरं काम ऊब देण्याचं नव्हतं. टर्कीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं ते बलकाचा उरलेला साठा पोटात घेऊन. त्यावर दोन-तीन दिवस निघतात. नंतर त्याने आपणहून चोच मारायची. कोंबडीच्या पिल्लाला हे कुणी शिकवावं लागत नाही. टर्कीच्या पिल्लाला बऱ्याचदा सुचतच नाही. आई असली तर ती दाखवते. नसली तर दाण्यांनी भरलेल्या ताटलीत उभं राहून ते उपाशी मरू शकतं. ऐकलं तेव्हा मला ही पाळणाऱ्यांची अतिशयोक्ती वाटली होती. मग स्वतःच्या डोळ्यांनी एक पिल्लू पाहिलं. पायाखाली चांगलं अर्धं बोट जाड खाद्य, आणि त्याचं लक्ष समोरच्या भिंतीवर. "एकेकाला उचल," मावशी फोनवर म्हणाल्या, "चोच पाण्यात टेकव. कंटाळा करायचा नाही. तूच आई आता, चोच नाही तुला म्हणून बोट वापरायचं."

तर एकेक उचललं. हातात घेतलं की वजन काहीच लागत नाही, पण तळव्याला ऊब लागते आणि बोटांच्या पेरांना धडधड. अंगठा आणि तर्जनीत डोकं अलगद धरायचं, चोचीचं टोक पाण्याला लावायचं, नाकपुड्या बुडू द्यायच्या नाहीत. मग वाट बघायची. चोच वर जाते, डोळे क्षणभर मिटतात, गळ्याच्या कातडीखाली एक छोटी लाट खाली सरकते. ती दिसली की पुढचं पिल्लू. पाण्याच्या भांड्यात रंगीत काचेच्या गोट्या टाकल्या, कारण चकाकणाऱ्या वस्तूवर ही पिल्लं हमखास टोच मारतात आणि चुकून पाणी पितात. खाद्यावर बोटाने टकटक करत बसायचं. एकाला कळलं की शेजारचं बघून शिकतं, पण सगळीच शेजाऱ्याकडे बघत नाहीत. दर थोड्या वेळाने ताटलीशी बसून बोट आपटत राहणारी मी, मोठ्या माणसासारखं मोठं माणूस, घरच्यांच्या थट्टेचा विषय झाले होते. पण ओळख तिथेच झाली, हे मला आता स्पष्ट दिसतं. ज्याला पहिला घोट आपण पाजलाय तो पुढे आपल्याला अनोळखी कसा राहणार?

या पक्ष्याचं अठ्ठावीस या आकड्याशी काहीतरी सूत आहे. अंडं २८ दिवसांनी फुटतं. पिल्लांच्या पहिल्या खाद्यात प्रथिनं २८ टक्के लागतात. कोंबडीच्या पिल्लांचं वीसेक टक्क्यांचं खाद्य घातलं तर वाढ खुंटते, पाय वाकतात. आणि जुन्या वाणाच्या टर्कीची व्याख्याच मुळी २८ आठवड्यांवर बेतलेली आहे. ही व्याख्या अमेरिकेतल्या लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सीची, जुने पाळीव वाण जपणाऱ्या संस्थेची. हेरिटेज म्हणवून घ्यायचं तर तीन गोष्टी हव्यात: नर-मादीने स्वतःच्या बळावर जुगावं, बाहेरच्या हवेत वर्षानुवर्षं जगता यावं, आणि वाढ हळू असावी, साधारण २८ आठवड्यांनी कापण्याजोगं वजन भरावं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा यातलं पहिलं कलम मला विनोदी वाटलं. पक्षी जुगणार नाहीत तर काय करतील? पण बाजारातली रुंद छातीची पांढरी टर्की खरोखरच जुगू शकत नाही. छातीचं मांस इतकं वाढवलंय की नराला ते जमतच नाही. तिची प्रत्येक पिढी माणसाच्या हाताने, कृत्रिम रेतनाने होते. १९६० च्या दशकापर्यंत त्या पांढऱ्या पक्ष्याने जवळपास सगळा बाजार व्यापला. ब्रॉन्झ, नॅरागान्सेट, स्लेट हे वाण अमेरिकेच्या कुक्कुट-वाणांच्या प्रमाण-ग्रंथात १८७४ मध्ये नोंदले गेले, तांबूस बोर्बन रेड १९०९ मध्ये. आणि १९९७ साली हॅचऱ्यांमधले, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्यांकडचे, जुन्या वाणांचे प्रजननाचे पक्षी मोजले तेव्हा सगळे मिळून भरले १३३५. मोठ्या शाळेत यापेक्षा जास्त मुलं असतात. पुढे संख्या वाढली ती बरीचशी लोकांनी ते पुन्हा खायला सुरुवात केली म्हणून. ज्याला गिऱ्हाईक नाही तो वाण कुणी वाढवत नाही, कारण दाणा रोज लागतो आणि कौतुकावर दाणा मिळत नाही.

माझ्याकडची बोर्बन रेड. तांबूस-विटकरी अंग, पांढरे पंख, शेपटीतही पांढरं, आणि त्यावर एक फिकट लाल पट्टा. पण लोक बघायला येतात ते अंग नाही, डोकं. टर्कीचं डोकं हा एक चालू असलेला तमाशाच असतो. चोचीवर एक मांसल सोंड, गळ्याखाली पुटकुळ्यांची रांग, डोक्यावर उघडी कातडी. शांत असताना सगळं फिकट. काही मनाला लागलं की दोन-चार क्षणांत गळा लालभडक, गाल निळे, माथा पांढराफेक. कातडीत कोलेजनच्या तंतूंचे जुडगे असतात आणि त्यांच्यामधून रक्तवाहिन्या. त्या फुगल्या-आटल्या की तंतूंमधलं अंतर बदलतं आणि रंग पालटतो. रंग कातडीला फासलेला नसतो, तो रक्ताच्या येण्याजाण्यातून घडतो. १६१२ मध्ये मुकर्रब खान या दरबाऱ्याने गोव्याहून काही अपूर्व प्राणी-पक्षी जहांगीर बादशहाकडे नेले, त्यात एक टर्कीचा नर होता. बादशहा इतका थक्क झाला की त्याने आपला दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून त्याचं चित्र काढून घेतलं, आणि स्वतः बसून त्याचं वर्णन लिहिलं. डोकं घटकेत पोवळ्यासारखं, घटकेत कापसासारखं, मग फिरोजी. चोचीवरचं मांस कधी हत्तीच्या सोंडेसारखं लोंबतं, तर कधी गेंड्याच्या शिंगासारखं उभं राहतं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चारशे वर्षांपूर्वीचा तो नर छाती पुढे काढून उभा आहे, आणि माझ्या जाळीतल्या कुणाशीही त्याची अदलाबदल केली तर मला पटकन कळायचं नाही.

बादशहाला मात्र त्यांच्या खोड्या बघायला वेळ मिळाला नसावा. टर्की मूर्ख असते, पाऊस आला की वर बघत उभी राहते आणि बुडून मरते, असं मला निदान तिघांनी ऐकवलं आहे. मी पावसात उभी राहून पाहिलंय. काही पक्षी मान वाकडी करून वर बघतात हे खरं; टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, तिला वरचं बघायचं तर मान तिरकीच करावी लागते. बुडून कुणी मरत नाही. उलट माझा आक्षेप असा, की त्यांना जरा जास्तच कळतं. बादली बदलली, निळ्याऐवजी हिरवी आणली, तर सगळा कळप दहा पावलांवर उभा राहून तिची चर्चा करतो. घरात कुणी शिंकलं, दार आपटलं, की सगळे नर एकाच वेळी गडगडतात, जणू कुणीतरी हुकूम दिला. तिन्हीसांजेला त्यांना वर चढायचं असतं. खुराड्यात छानशी रुंद दांडी बसवून दिली आहे, छातीचं हाड त्यावर नीट टेकावं म्हणून मुद्दाम रुंद. पण त्यांना हवं असतं छप्पर, झाड, जाळीचा खांब, जे काही सगळ्यांत उंच असेल ते. रुंद छातीचा पक्षी जमिनीवरून उठत नाही. हे उडतात, आणि चांगले उडतात. एका पंखाची मोठी पिसं कातरली की तोल जातो आणि उडणं थांबतं, असं म्हणतात. थांबतं म्हणजे, उडी आणि फडफड यांच्या मिश्रणाने छपरावर पोचायला थोडा वेळ जास्त लागतो.

आणि मागे मागे येणं. दिवसा जाळी उघडली की त्या गवतातून नाकतोडे, बिया, कोवळी पाती वेचत पुढे सरकतात. पण मी काही करत असेन, खणत असेन, दोरी बांधत असेन, की येऊन भोवती कोंडाळं करतात. एक माद्यांचा आवाज आहे, घशातल्या घशात, मऊ, तीन-चार सुरांचा. त्याला काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तो ऐकत तण काढण्यात अर्धी सकाळ कुठे जाते कळत नाही.

मग मी हिशोब करून बसते. बाजारातला पांढरा पक्षी साधारण चार-साडेचार महिन्यांत कापायला तयार होतो. त्या वयात माझी पिल्लं म्हणजे नुसती हाडं, लांब माना आणि उंच पाय होती. नर कुठला आणि मादी कुठली हेही मी खात्रीने सांगू शकले नसते. ती कुणीतरी झाली ती त्यानंतर. सोंड लांबली, छातीवर केसांचा झुबका डोकावला, आवाज फुटला, कुणी भांडखोर निघालं, कुणी भित्रं, कुणी सतत जाळीच्या एकाच भोकातून डोकं बाहेर काढून अडकून बसणारं. आणि नेमक्या याच महिन्यांत मांस भरतं, चालून चालून मांडी गडद होते, कातडीखाली चरबीचा पिवळसर थर धरतो. चव आणि स्वभाव एकाच वेळी मुरत असतात. एक घ्यायचं आणि दुसरं नको म्हणायचं, ही सोय या वाणात नाही. कमी ओळखीत मांस हवं असेल तर लवकर वाढणारा पक्षी आणावा. आणि तसं करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, पहिल्या वेळी पाळणाऱ्याला कधीकधी तेच बरं.

कापायच्या आदल्या संध्याकाळी खाद्य काढून घ्यायचं, पाणी ठेवायचं. बारा तासांत आतडं रिकामं होतं आणि पुढचं काम स्वच्छ होतं. मावशी पहाटेच आल्या. त्यांनी पत्र्याचं एक मोठं नरसाळं आणलं होतं, खाली भोक असलेलं, आणि ते खांबाला सुलटंच टांगलं, निमुळती बाजू खाली. पक्ष्याला पायांनी उचलून डोकं खाली करून त्यात सोडलं की पंख आवळले जातात. हे महत्त्वाचं, कारण टर्कीच्या पंखाचा फटका मनगटावर बसला तर आठवडाभर आठवण राहते, आणि त्या फडफडीत पक्ष्याचं मांसही ठेचकाळतं. उलटं झालं की तो गप्प होतो. डोकं खालच्या भोकातून बाहेर येतं. मावशींनी माझ्या हातात सुरी दिली. "जबड्याच्या मागे. श्वासनळी नाही, तिच्या बाजूला. दाबायचं नाही, ओढायचं. दोन्हीकडे." डाव्या हातात डोकं होतं, गरम, पुटकुळ्यांचं, चोच माझ्या तळव्यावर. सुरी इतकी धारदार होती की कापल्याचं हाताला कळलंच नाही, रक्त आल्यावर कळलं. मी डोकं सोडलं नाही. सोडायचं नसतं असं कुणी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने पाय जोरात झटकले जातात. ते नुसतं स्नायूंचं आहे, हे माहीत असूनही पोटात गोळा येतो. आणि मग हाताखाली रंग उतरला. गळ्याचा लाल आधी फिकट गुलाबी झाला, गालांचा निळा राखी. रंग रक्ताच्या येण्याजाण्यातून घडतो हे मी वाचलं होतं; हातात धरून ते कळणं वेगळं.

रडू आलं नाही. येईल म्हणून मी घरच्यांना सकाळभर बाहेर पाठवून ठेवलं होतं.

त्यानंतरचं सगळं कामच असतं, आणि कामाने बरं वाटतं. पाणी ६० ते ६३ अंशांवर. त्याहून गरम झालं की कातडी शिजून फाटते, गार राहिलं की पिसं सुटत नाहीत. मिनिटभर बुडवून, हलवत राहून, शेपटीचं एक पीस ओढून बघायचं. सहज आलं की बाहेर. ओल्या पिसांचा वास येतो, ओल्या लोकरीचा आणि माचिसच्या गुलाचा मिळून होईल तसा काहीसा. तो केसांतून दोन न्हाण्यांनी जातो. मोठी पिसं मुठी-मुठीने निघतात. वेळ खातात ती अर्धवट फुटलेली, कातडीत रुतलेली, काळसर शाईच्या थेंबाने भरलेली. गडद रंगाच्या वाणांत ती उठून दिसतात, आणि पांढरा पक्षी बाजाराने उचलून धरला त्याचं एक कारण हे थेंब आहेत. शेपटीच्या बुडाशी असलेली तेलाची गाठ कापून टाकायची. पोट उघडताना हात आत घालायचा आणि बोटांनी भिंतीलगत फिरवत सगळं एकत्र सोडवायचं. आत अजून ऊब असते. कलेजी वेगळी करताना हिरवी पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, फुटली तर कलेजी कडू झालीच म्हणून समजा. दाणे दळणारा पेटा चिरला तर त्यात गुळगुळीत झालेले खडे निघाले, आणि एक निळ्या काचेचा तुकडा. तो कुठला हे मला आजतागायत कळलेलं नाही. गोट्या तर मी मोजून परत काढल्या होत्या.

कापल्या दिवशी शिजवलं तर मांस दगड लागतं. ते गार करून एक-दोन दिवस तसंच ठेवायचं, आखडलेले स्नायू सैल पडेपर्यंत. तंगडीत टर्कीच्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना, खरोखरीचं हाड धरलेलं असतं, बारीक काड्यांसारखं. त्या आधीच ओढून काढल्या तर खाणाऱ्याचे कष्ट वाचतात, पण त्या ओढायला एक पकड आणि एक चिडखोर माणूस लागतो. आणि अख्खा पक्षी अख्खाच शिजवण्याचा हट्ट मी तरी सोडला आहे. जुन्या वाणाची छाती सपाट, ती आधी शिजते. खूप चाललेल्या मांड्या मागे राहतात. छाती ७४ अंशांवर उतरवायची, मांड्या वेगळ्या, मंद आचेवर, झाकून, बराच वेळ. मैत्रिणीने दुसऱ्यांदा वाढून घेतला तो तुकडा असा मंद शिजलेल्यांतला होता.

तिच्या वाक्याकडे मी पुन्हा पुन्हा जाते ते तिला खोडून काढायला नाही. ओळखीने त्या पक्ष्याचं काय भलं झालं, हा प्रश्न मला त्या वाक्यातून ऐकू येतो. त्याला गवत मिळालं, नाकतोडे मिळाले, छप्पर मिळालं, दोन-अडीच महिने जास्त मिळाले. पण हे सगळं मला त्याला न ओळखताही देता आलं असतं. मोठी जागा आणि चांगली माती असली की पुरे. मी त्याला ओळखत होते हे त्याच्या कामाचं नव्हतंच. ते माझ्या कामाचं होतं: सुरी धारदार ठेवायला, कलेजी फुकट न घालवायला, हाडं उकळून त्यांचं पाणी काढायला. आणि हेही खरं, की त्याच ओळखीच्या जोरावर मला स्वतःविषयी जरा बरं वाटून घ्यायची सवय लागत होती. मी ओळखून खाते, तुम्ही न ओळखता खाता, असा एक ताठा. मैत्रिणीने तुकडा बाजूला सारताना नेमका तोच ठोकरला असावा. तिला पत्ता नसेल.

सध्या प्रश्न वेगळाच आहे. या वर्षी पहिल्यांदा मी काही पक्षी पुढच्या वर्षासाठी ठेवते आहे, म्हणजे माझी स्वतःची अंडी, माझी स्वतःची पिल्लं. उत्तम तो ठेवायचा आणि बाकीचे खायचे, हा नियम. जे सगळ्यांत चांगलं दिसतं ते कापलं की दर पिढीला वाण थोडा खाली येतो, हे मावशींनी मला दटावून सांगितलं. म्हणून एकेकाला काखेत घेऊन तपासलं. काट्यावर वजन. छातीच्या हाडावरून बोट फिरवायचं, ते सरळ आहे का. पाठ रुंद आहे का, पाय समांतर आहेत का, चालताना पंजे आत वळतात का. नरांमधला मला सगळ्यांत आवडणारा एक आहे, शांत, मी बसले की शेजारी येऊन बसणारा, हातातून दाणे खाणारा. त्याच्या हाडाला मधोमध खोल बाक आहे. बोट दोनदा फिरवून पाहिलं, मावशींनाही बघायला लावलं. "हा जाईल," त्या म्हणाल्या. दुसरा एक आहे, ज्याला मी अजिबात आवडत नाही. पाठ फिरली की पोटरीला चोच मारतो, बादली उचलली की अंगावर येतो, आणि बाकीचे नर त्याला टरकून असतात. त्याचं हाड ओळंब्यात, पाठ रुंद, पाय खणखणीत, वजन सगळ्यांत चांगलं. पुढची पिल्लं त्याची होणार. मी गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट घेतले आहेत.